पायथ्याशी बसणाऱ्या वन्सं

आमच्या वन्सं कुणा आजाऱ्याला भेटायला गेल्या की उशाशी कधी बसत नाहीत. घरच्यांनी आग्रहाने खुर्ची पुढे सरकवली, तर त्या ती उचलतात, खाटेच्या पायथ्याशी नेऊन ठेवतात आणि तिथे बसतात. नवख्या माणसाला हे विचित्र वाटतं. माझ्या मावसबहिणीने तर एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "तुझ्या नणंदेला आजाराची किळस येते का गं?" किळस कसली, त्यांचा अर्धा जन्म इस्पितळात गेलाय. पण त्या पायथ्याशी का बसतात हे सांगायचं, तर माझ्या यजमानांचा पाय मोडला तिथपासून सांगावं लागेल. खरं तर त्याच्याही थोडं आधीपासून.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. लग्न झालं, पण नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. तो गेला तेव्हा माणसं समाचाराला आली आणि येतच राहिली. नुसतं बसवेना म्हणून कुणी भांडी घासली, कुणी फळ्या पुसल्या, आणि जाताना सगळे डबे भलत्याच जागी लावून गेली. "दुःख राहिलं बाजूला, मीठ कुठे ठेवलंय ते शोधत बसले मी," असं वन्सं अजून सांगतात आणि स्वतःच हसतात. पुढे त्यांनी इस्पितळात आयाचं काम धरलं. माहेरी राहा म्हणून माझ्या सासूबाईंनी, म्हणजे त्यांच्या आईने, खूप सांगितलं, पण वन्संनी इस्पितळाच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली आणि तिथेच राहिल्या.

काम हाडांच्या वॉर्डात. लांबलचक दालन, दोन्ही भिंतींना लोखंडी खाटांची रांग, आणि खाटांवर पाय मोडलेली माणसं. त्यातही गुडघ्याखाली मोडलेली जास्त. नडगीची दोन्ही हाडं मोडली आणि त्यांची टोकं एकमेकांवर चढली, की लगेच प्लास्टर घालून भागत नाही. पोटरीचे स्नायू हाड वर ओढून धरतात आणि पाय आखूड होतो. म्हणून टाचेच्या हाडातून एक बारीक सळई आरपार घालायची, तिला दोरी बांधायची, ती खाटेच्या पायथ्याच्या चाकावरून खाली सोडायची आणि टोकाला वजन लटकवायचं. पाय लोखंडी चौकटीवर उचलून ठेवलेला. ते वजन अधांतरी लटकत राहिलं पाहिजे. ते सावकाश पाय खाली ओढतं, चढलेलं हाड जागेवर येतं, आणि हाड जुळायला लागलं की मग प्लास्टर. ऑपरेशन करून आत पट्टी बसवायची सोय आमच्या इस्पितळात फार नंतर झाली. तेव्हा सगळा भरवसा वजनावर. वजन म्हणजे तरी काय, कापडात शिवलेल्या विटा.

वन्संकडे रोग्यांचं सगळं करण्याबरोबर ह्या विटांवर लक्ष ठेवायचंही काम होतं. कारण भेटायला आलेल्या माणसाला ती वीट बघवत नाही. आपल्या माणसाच्या टाचेत सळई, सळईला दोरी, दोरीला विटा, आणि माणूस कण्हतोय, हे पाहून कुणालाही राहवत नाही. मग परिचारिकेची पाठ वळली की कुणी विटेखाली पालथी बादली सरकवायचं, कुणी स्टूल. एका बहाद्दराने आपल्या पायातले बूट काढून एकावर एक रचले होते आणि अनवाणी उभा होता. वन्संच्या नजरेला पडलं की त्या तिथूनच म्हणायच्या, "काय हो पाहुणे, घरी घड्याळाचा लंबकपण हातात धरून बसता का?" मग पाहुणा ओशाळायचा, बूट घालायचा, वीट पुन्हा लटकायची. एवढ्यावर ते संपायचं. म्हणजे संपलं असं वन्संना वाटायचं.

मग वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी एक अभ्यास घेतला होता. गुडघ्याखालचा पाय कुणाचा मोडतो, कशाने मोडतो आणि पुढे तो कसा जुळतो. प्रत्येक नव्या रोग्याजवळ त्या स्टूल घेऊन बसायच्या. वय काय, काम काय, कुठे पडलात, कशावरून पडलात, पायात काय होतं. वन्सं पाणी देता देता ऐकायच्या. "एवढी चौकशी मुलगी देतानाही करत नाहीत," असं त्या आम्हाला सांगायच्या. पण हळूहळू त्यांनाही त्याची गोडी लागली. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी येणारे बहुतेक मोटरसायकलवाले तरुण, त्यांची नडगी मधोमध मोडलेली. वयस्क बायका घोट्याजवळ मोडून यायच्या, आणि त्याही कुठल्या डोंगरावरून पडलेल्या नसत, तर घरातली जी पायरी हजार वेळा उतरलेली, तिच्यावरून. कामगार उंचावरून पडलेले. "बाईचा घात ओळखीची पायरी करते आणि पुरुषाचा अनोळखी रस्ता," असं वन्संनी एकदा डॉक्टरीणबाईंना ऐकवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, एवढं सोपं असतं तर मी घरी गेले असते." वॉर्डात सगळे वन्संना मावशीच म्हणायचे.

सोपं नव्हतं ते पुढचंच. रोगी घरी जाताना डॉक्टरीणबाई दोन्ही पाय टेपने मोजायच्या. एकसारखं मोडलेलं हाड, एकसारखं वजन, वयही तेवढंच, तरी एकाचा पाय सरळ आणि पुरता लांब, तर दुसऱ्याचा आखूड. त्यांनी वयाप्रमाणे लावून पाहिलं, हाड कसं मोडलंय त्याप्रमाणे लावून पाहिलं, काही हाती लागेना. एके दिवशी भेटीच्या वेळेला त्या वॉर्डाच्या मधोमध नुसत्या उभ्या राहून बघत होत्या. मग वन्संकडे आल्या.

"मावशी, तो रखवालदार होता ना, ट्रकखाली पाय आलेला. त्याला भेटायला कोण यायचं?"

"कुत्रं फिरकलं नाही त्याच्याकडे."

"आणि तो कापड दुकानदार?"

"त्याच्याकडे? जत्रा असायची रोज. बसायला पलीकडच्यांची स्टुलं न्यायचे."

"रखवालदाराचं हाड चुरा झालं होतं आणि पाय सरळ आला. दुकानदाराचं साधं मोडलं होतं, तो लंगडत गेला." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता मला बाकीच्यांचं सांगा. कुणाकडे किती माणसं यायची."

वन्सं आठवून सांगत गेल्या आणि उत्तर त्या दोघींच्या समोरच उभं राहिलं. ज्याच्याकडे माणसं जास्त, त्याचा पाय आखूड. वीट घटकाभर टेकवली तर काय बिघडतं, असं प्रत्येक पाहुण्याला वाटायचं, आणि अशा घटका दिवसभर साठत जायच्या.

वन्संना ते फार लागलं. त्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या आणि जेवल्या नाहीत. "माझ्या डोळ्यांदेखत," एवढंच म्हणत राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं होतं की खाटा एवढ्या आणि तुम्ही एकट्या, पण त्यांच्या मनातून जाईना. वॉर्डात पाटी लागली, वजनास हात लावू नये. "पाटी वाचायला मान वर करावी लागते," वन्सं म्हणाल्या. "ती माणसं नुसती रोग्याच्या तोंडाकडे बघतात."

आणि मग आमचे हेच त्या वॉर्डात जाऊन पडले.

हे रंगारी. घरं रंगवतात. एका मोठ्या घरात छताला रंग देत होते. घरच्या मालकीणबाईंनी फरशी नुकतीच घासून चकचकीत करून घेतली होती, तिच्यावर डाग नको म्हणून यांनी सगळीकडे वर्तमानपत्रं पसरली. आणि शिडी त्या कागदांवर उभी केली. एवढी वर्षं शिडीवर काढलेला माणूस, पण दुसऱ्याच्या फरशीची काळजी पडली. कागद सरकला, शिडी सरकली, आणि हे खाली येताना यांचा पाय शिडीच्या दोन पायऱ्यांत अडकून पिरगाळला. उजव्या नडगीची दोन्ही हाडं.

स्ट्रेचर आत आलं तेव्हा वन्सं दारातच होत्या. भावाला पाहून त्यांनी पहिलं काय विचारलं असेल?

"खाली पेपर पसरला होतास ना?"

यांनी डोळे मिटून घेतले. "होय, ताई."

"शहाणा आहेस."

डॉक्टरीणबाई नेहमीचे प्रश्न विचारायला आल्या. पायात काय होतं, असं विचारल्यावर हे म्हणाले, "मी अनवाणी होतो. शिडीच्या पायात पेपर होता." दुखण्यातही यांची जीभ गप्प बसत नाही. पण सळई घातली, विटा लटकवल्या, आणि मग यांचं बोलणं बंद झालं.

रंगाऱ्याचा पाय आखूड झाला तर काय होतं, हे कुणी आम्हाला सांगायची गरज नव्हती. जमिनीवर माणूस लंगडत का होईना चालतो. शिडीवर एका पायाचा भार दुसऱ्यावर तोलून तासन्‌तास उभं राहावं लागतं. तिथे आखूड पाय चालत नाही. आणि यांना दुसरं काही येत नाही, यावंसंही कधी वाटलं नाही.

बाहेरच्या बाकावर मी आणि सासूबाई बसलो होतो. वन्सं आल्या आणि बसल्या नाहीत, उभ्यानेच म्हणाल्या, "वहिनी, उद्यापासून तू यायचं नाहीस. आई, तूही नाही. हाड जुळेपर्यंत कुणीच नाही."

सासूबाईंना आधी कळेचना. "म्हणजे? त्याला भेटायचं नाही?"

"नाही."

"माझ्या मुलाला भेटू नको म्हणणारी तू कोण गं?"

"त्याची बहीण. म्हणून तर म्हणते. जितकी माणसं तितका पाय आखूड, हे आम्ही मोजून पाहिलंय. मीसुद्धा जाणार नाही. मोठ्या सिस्टरना सांगून मी बाळंतिणींच्या वॉर्डात बदली मागून घेतलीय."

"तू तर तिथली आहेस. तू कशाला जातेस?"

"तो माझ्याकडे बघून 'ताई, जरा टेकव' म्हणाला, तर मी टेकवीन. म्हणून जाते."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "दगड जन्माला घातला मी."

"दगडच उपयोगी पडतो तिथे," वन्सं म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

त्या जे म्हणतात त्याला कारण असतं, हे मला ठाऊक होतं. पण घरी आल्यावर देवापुढे एकाऐवजी दोन दिवे लावले. स्वच्छ कपडे आणि डबा मी इस्पितळाच्या फाटकापाशी नेऊन द्यायचे, तिथून शिपाई आत न्यायचा. तो परत आला की विचारायचे, "कसे आहेत?" तो म्हणायचा, "पडलेत." सासूबाईंनी तर लेकीशी बोलणंच सोडलं. वन्सं दारात आल्या की त्या उठून आतल्या खोलीत जायच्या आणि तिथून मोठ्याने मला म्हणायच्या, "कोण आलंय गं? इस्पितळातलं कुणी असेल तर सांग, आमचं तिथे कुणी नाही."

वन्संनी पहिल्याच दिवशी यांना सगळं समजावून सांगितलं होतं. यांनी मान डोलावली होती. पण समजणं वेगळं आणि एकट्याने पडून राहणं वेगळं. भेटीची वेळ झाली की सगळ्या खाटांभोवती माणसं जमायची आणि यांच्या खाटेजवळ रिकामं स्टूल. हे तोंड भिंतीकडे करून पडायचे. शेजारच्या खाटेवर एक बस ड्रायव्हर होता, त्याचाही पाय नडगीतच मोडलेला. त्याच्याकडे रोज त्याची सासू यायची, जाडजूड, मायाळू बाई. हे मला मागाहून यांनीच सांगितलं.

काही आठवडे गेले आणि यांच्या पायाचा नवा एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाईंनी तो खिडकीशी धरला, पुन्हा धरला, आणि बाळंतिणींच्या वॉर्डातून वन्संना बोलावून घेतलं.

"मावशी, तुमच्या भावाचं हाड जसंच्या तसं चढलेलं आहे. वजन लावलंच नसतं तर जसं राहिलं असतं तसं."

"पण त्याच्याकडे कुणी येत नाही," वन्सं म्हणाल्या. "आमच्यापैकी चिटपाखरू येत नाही."

"तेच मला कळत नाही. हे बघा, हाड अजून कच्चं आहे. थोडे दिवस हातात आहेत. एकदा असंच घट्ट जुळलं, की मग कितीही विटा लटकवल्या तरी उपयोग नाही. पाय आखूडच राहील."

वन्सं भावाच्या खाटेपाशी गेल्या. "वीट कोण टेकवतं?"

"मला काय माहीत," हे म्हणाले आणि कानाची पाळी ओढायला लागले. लहानपणी शाळा बुडवून आले की हे असंच कानाशी खेळायचे. वन्संनी पुढे विचारलं नाही. दुपारी भेटीची घंटा झाली तेव्हा त्या वॉर्डाच्या दाराआड जाऊन उभ्या राहिल्या.

ड्रायव्हरची सासू आली. जावयाची चौकशी केली, त्याचा चहा त्याला दिला. मग दुसऱ्या कपात थोडा चहा ओतून यांच्याकडे वळली. "उठ बाबा, घोटभर घे." हे तोंड फिरवून तसेच पडलेले. बाईने कप ठेवला, खाटेच्या पायथ्याशी गेली, आणि पाळण्यातलं मूल उचलावं तशी वीट दोन्ही हातांनी अलगद उचलून स्टुलावर ठेवली. मग उशाशी येऊन बसली आणि यांच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, "ज्याला कुणी नाही त्याला देव आहे रे. आणि मी आहे तोवर मी आहे." आणि आमचे हे, चाळिशी ओलांडलेला माणूस, तिचा हात धरून रडत होते.

"माझं सगळं आयुष्य त्या वॉर्डात ओरडण्यात गेलं," वन्सं मला म्हणाल्या होत्या, "आणि त्या वेळी माझ्या तोंडातून आवाज फुटेना."

सिस्टरला वीट सोडायला सांगून त्या तिथून तडक आमच्या घरी आल्या. सासूबाई उठून आत निघाल्या तर वन्संनी दार अडवलं.

"आई, बस. माझं चुकलं."

सासूबाई दारातच थांबल्या. लेकीच्या तोंडून हे वाक्य त्यांनी कधी ऐकलं नसावं.

"त्याला कुणी नाही असं करून टाकलं मी," वन्सं म्हणाल्या. "आणि ज्याला कुणी नाही त्याची सगळ्या वॉर्डाला कीव येते. शेजारची बाई रोज वीट टेकवते, आणि ती गेल्यावरही वीट तशीच टेकलेली राहते, मी नाही तर बघतंय कोण. चहा पाजते, तोंडावरून हात फिरवते. तू जे केलं असतंस तेच ती करते."

"मग त्या रखवालदाराचा पाय कसा सरळ आला?" मी विचारलं. मला ती गोष्ट त्यांनीच सांगितलेली होती.

वन्संनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, तो शिव्या द्यायचा. कुणी जवळ गेलं की आई-बाप काढायचा. पाणी द्यायला मीसुद्धा लांबून जायचे. तो एकटा होता म्हणून नव्हे, तोंडाचा घाण होता म्हणून त्याच्या विटेला कुणी हात लावला नाही." आणि त्या एकदम हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या. सासूबाईंनी आत जायचं सोडून दिलं आणि त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"मग आता गं?"

"आता तू चल. वहिनी, तूही. पण मी सांगेन तिथे बसायचं."

दुसऱ्या दिवशी वन्संनी आधी हे सगळं डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं. रखवालदाराचं ऐकून त्याही हसल्या. "म्हणजे रोग्यांना शिव्या शिकवायचा वर्ग काढावा लागेल. माझ्याही लक्षात आलं नाही बघा." मग गंभीर होऊन त्यांनी यांच्या दोरीला आणखी एक वीट चढवली आणि सांगितलं, "आता ही एकदाही टेकायला नको. दुखेल. फार दुखेल. तुम्ही घरची माणसं आहात, तुम्हाला बघवणार नाही."

"बघायचंच नाही त्यांनी," वन्सं म्हणाल्या. त्यांनी उशाजवळचं स्टूल उचललं, खाटेला वळसा घातला आणि पायथ्याशी, विटांच्या बाजूला ठेवलं. "आई, इथे बस."

सासूबाई बसल्या. पाय लोखंडी चौकटीवर उंच, त्यावर पांघरूण. तिथून मुलाचं तोंड दिसत नव्हतं. दोरी दिसत होती, चाक दिसत होतं आणि विटा.

"मला त्याचा चेहरा दिसत नाही."

"नकोच दिसायला. चेहरा दिसला की हात विटेकडे जातो. इथून तुला फक्त वीट दिसेल. आणि तुला कामही देते. वीट आणि फरशी यांच्यामधून तुझा हात आडवा गेला पाहिजे. घातलास? गेला? मग झालं. पुन्हा थोड्या वेळाने बघायचं. रिकाम्या हातांनी बसायचं नाही, रिकामे हात भलतंच करतात."

"आणि त्याने हाक मारली तर?"

"ओ द्यायची. उठायचं नाही."

मग वन्सं शेजारच्या खाटेकडे वळल्या. ड्रायव्हरची सासू पदराचं टोक पिळत उभी होती, तिला सगळं ऐकू गेलं होतं. "मी त्याचं वाईट केलं का गं बाई?"

"नाही, मावशी. तुम्ही नसतात तर तो वेडा झाला असता. चहा द्या, कपाळावरून हात फिरवा, सगळं करा. फक्त वीट सोडा. आणि तुमच्या जावयाचं स्टूलही इकडे घ्या पायथ्याशी."

पुढचे दिवस कठीण गेले. वाढलेल्या वजनाने यांचा जीव कासावीस व्हायचा. "आई, जरासं. जरासंच टेकव," असं हे म्हणायचे. सासूबाई पायथ्याशी बसून देवाचं नाव घेत राहायच्या आणि एक हात विटेखालून आडवा घालून बघायच्या. "आहे रे बाळा, मी आहे इथेच." डोळ्यांतून पाणी गळायचं, पण हात हलायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दिवसभर बसायची मुभा दिली होती, दुपारनंतर मी त्यांच्या जागी बसायचे. हे मला म्हणायचे, "तुझं तोंड तरी दाखव." मी म्हणायचे, "घरी आलात की रोजच बघायचंय, कंटाळाल." मग हे हसायचे, आणि हसलं की दुखायचं, म्हणून मला रागवायचे.

थोड्याच दिवसांत सासूबाई त्या कामात अशा मुरल्या की विचारू नका. झाडूवाल्याचा झाडू विटेला लागला तर त्याच्यावर गुरकावायच्या. एकदा सिस्टर अंथरूण बदलायला आली तर तिलाच म्हणाल्या, "आधी माझा हात बघ, मग चादर ओढ." पलीकडे ड्रायव्हरची सासू आपल्या विटेपाशी. दोघींची भांडणं व्हायची, कुणाची वीट जास्त सरळ लटकते यावरून. हे पूर्वीपासून वन्संना हवालदार म्हणायचे. आता म्हणायला लागले, "हवालदार मुलगी बदलीवर गेली आणि फौजदार आई आली."

वन्सं मात्र बाळंतिणींच्या वॉर्डातून परत आल्या नाहीत. रोज काम संपलं की दारात उभ्या राहायच्या, सासूबाई हात आडवा करून दाखवायच्या, मग त्या मान डोलावून निघून जायच्या.

नव्या एक्स-रेत हाड खाली सरकलेलं दिसलं. मग आणखी थोडं. मग सळई काढून प्लास्टर. हे प्लास्टर घालून घरी आले, कुबड्यांवर चालले, आणि शेवटी प्लास्टर कापायचा आणि पाय मोजायचा दिवस आला. त्या दिवशी आम्ही सगळ्या तिथे होतो, वन्संसुद्धा. प्लास्टरच्या आतून पाय निघाला तो काटकीसारखा बारीक आणि पांढराफटक. डॉक्टरीणबाईंनी कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेप लावला. डावा मोजला, उजवा मोजला. मग पुन्हा उजवा. माझं नामस्मरण चाललं होतं आणि मध्येच मला पुढचं आठवेना.

"अर्ध्या बोटाचा फरक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग यांनीच विचारलं, "शिडी?"

"शिडी चढा. एवढा फरक तर पुष्कळांना जन्मापासून असतो, त्यांना कळतही नाही."

सासूबाईंनी वॉर्डातल्या त्या खाटेच्या दिशेने हात जोडले. खाटेवर दुसराच कुणीतरी पडला होता, तो दचकला.

डॉक्टरीणबाईंनी मग वॉर्डातली सगळी स्टुलं पायथ्याशी हलवून घेतली आणि पुढचे रोगी मोजायला सुरुवात केली. एकाच्या पायावरून काही ठरत नाही, असं त्या म्हणायच्या. त्यांच्या मोजणीत पुढे काय निघालं ते मला नीट सांगता येणार नाही, पण स्टुलं तिथे तशीच राहिली एवढं मी पाहिलंय. आणि वन्संना तर ती सवयच जडली. बाळंतीण असो की ताप आलेलं मूल, खुर्ची पायथ्याशी. माझ्या मावसबहिणीला मी हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "तापाला कुठे विटा असतात?"

पाय चांगला चालायला लागल्यावर यांनी पहिलं काम घेतलं ते वन्संच्या खोलीचं. भिंती पोपडे धरून बसल्या होत्या, कितीतरी वर्षं हे म्हणत होते आणि त्या नको म्हणत होत्या. या वेळी नको म्हणाल्या नाहीत. यांनी डबे खाली ठेवले, आणि सवयीने वर्तमानपत्राची एक घडी उलगडून फरशीवर पसरायला वाकले. वन्संनी ती हातातून ओढून घेतली आणि कोपऱ्यात टाकली.

"फरशी खराब होईल, ताई."

"होऊ दे. मी पुसेन."

त्यांनी शिडी उघडली, फरशीवर नीट टेकवली, हलवून पाहिली, आणि खाली उभं राहून दोन्ही बाजू घट्ट धरल्या. हे चढले. उजवा पाय ठेवताना एकदा थांबले, मग चढले. छताला पहिला हात मारला आणि वरून म्हणाले, "बघ गं, पिवळा जरा जास्त होतोय का?"

"मी वर बघत नाही," वन्सं म्हणाल्या. "तू रंगव."

रंगाचे थेंब त्यांच्या केसांवर पडत होते, खांद्यावर पडत होते, तरी त्यांनी मान वर केली नाही की हात सोडले नाहीत. मी चहा घेऊन दारात उभी होते, तो तसाच गार झाला. संध्याकाळी त्यांनी फरशी पुसली म्हणतात, पण कुठलं काय. शिडीचे चार पाय जिथे होते त्याच्या आजूबाजूला पिवळे ठिपके अजून आहेत.